स्टेजसाठी टॅन: टॅनिंग बेडपासून हिरव्या काखांपर्यंत, या चुका टाळा

शरीरसौष्ठव स्पर्धांच्या पडद्यामागे मी गेली पंधरा वर्षे स्पर्धकांच्या अंगावर टॅनचे, म्हणजे त्वचा गडद तपकिरी दाखवणाऱ्या रंगाचे, हात चढवतो आहे. जानेवारी ते मार्चच्या हंगामात मुंबई-ठाण्याच्या मैदानांवर मांडव पडतात आणि दर वर्षी त्याच त्या चुका माझ्यासमोर उघड्या अंगाने येऊन उभ्या राहतात. वर्षभर पहाटे उठून व्यायाम करणारा मुलगा शेवटच्या दोन दिवसांत इतका उतावीळ कसा होतो, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

‘आपण मुळात सावळे, आपल्याला टॅन कशाला?’ असे घरचे लोक विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. स्टेजवरचा प्रखर दिवा समोरून पडला की मध्यम रंगाच्या त्वचेवरच्या बारीक सावल्या पुसल्या जातात आणि सहा महिने उकडलेल्या कोंबडीवर काढून कमावलेले कट्स, म्हणजे स्नायूंमधल्या रेखीव खाचा, पंचांना दिसतच नाहीत. शिवाय रापलेले दंड, गंजीफ्रॉकचे पट्टे आणि शेजारी पांढुरक्या मांड्या असा तुकड्यातुकड्यांचा रंग एकसारखा करावा लागतो. तेव्हा टॅन हवा, याबद्दल माझा वाद नाही. तो कुठून आणायचा, याबद्दल आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे तो टॅनिंग बेडमधून, म्हणजे अतिनील किरणांच्या नळ्या बसवलेल्या पेटीतून, आणणे. आमच्या व्यायामशाळेतील एक मुलगा पहिल्याच जिल्हास्तरीय स्पर्धेच्या नऊ दिवस आधी उपनगरातील एका सलूनमध्ये जाऊन अशा पेटीत झोपला. पहिल्या दिवशी रंग फारसा दिसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने वेळ दुप्पट करून घेतली. पाठीवरच्या मुरुमांसाठी तो डॉक्सिसायक्लिनची गोळी रोज घेत होता. सलूनमध्ये त्याला कोणी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. या औषधाने त्वचा अतिनील किरणांनी फार लवकर पोळते. तिसऱ्या दिवशी पाठ जांभळट-लाल झाली, खांद्यांवर फोड आले, आणि त्या आठवड्यात तो पालथा झोपून राहिला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आला तेव्हा पाठीचे पापुद्रे सुटत होते. मला म्हणाला, “दादा, वरून दोन हात जास्त मारा, झाकून जाईल.”

झाकले गेले नाही, कारण जाऊ शकतच नव्हते. स्टेजचा टॅन त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरावर चढतो. तो थरच निघून गेला असेल तर खालच्या कोवळ्या त्वचेवर रंग फिका बसतो आणि सुटलेल्या पापुद्र्याच्या कडेला गडद जमतो. मुलाने पंचांकडे पाठ करून बॅक डबल बायसेप्सची पोझ घेतली, तेव्हा पाठीवर स्नायूंऐवजी बेटांचा नकाशा दिसत होता. पहिल्या फेरीतच तो बाहेर पडला. त्या जागी उमटलेले काळे डाग पुढे वर्षभर त्वचारोगतज्ज्ञाकडे खेपा घालूनही पुरते गेले नाहीत.

या पेट्यांतील नळ्या प्रामुख्याने यूव्हीए प्रकारचे अतिनील किरण सोडतात आणि काही शक्तिशाली यंत्रांत त्यांची तीव्रता दुपारच्या उन्हाच्या दहा ते पंधरा पट असते. त्वचा गडद होते ती तिच्या पेशींना इजा पोहोचल्यामुळे. रंग हा त्या इजेवरचा बचाव असतो, आरोग्याची खूण नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये ही यंत्रे तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसच्या पंक्तीत, म्हणजे माणसात कर्करोग निश्चितपणे घडवणाऱ्या पहिल्या गटात बसवली. तिशीच्या आत वापर सुरू करणाऱ्यांमध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचा धोका ७५ टक्क्यांनी वाढतो, असे त्या वेळी नोंदवले गेले. ब्राझीलने त्याच वर्षी सौंदर्यासाठीच्या टॅनिंग बेडवर बंदी घातली आणि ऑस्ट्रेलियातील राज्यांनीही पुढे, २०१६ उजाडेपर्यंत, अशी व्यावसायिक केंद्रे बंद केली. हे आकडे मुख्यतः गोऱ्या लोकसंख्येवरचे आहेत आणि आपल्या त्वचेत मेलॅनोमा विरळा आहे, हे मला ठाऊक आहे. कारण हा मुद्दा दर वेळी कोणीतरी मला सुनावतोच. परंतु भाजणे, डोळ्यांना इजा आणि वर्षभर न जाणारे काळे डाग यांतून सावळी त्वचा सुटत नाही. डागांच्या बाबतीत तर तीच अधिक अडचणीत येते.

‘पण कोडासाठी डॉक्टरही अशाच पेटीत उभे करतात,’ हा आणखी एक युक्तिवाद. ते बहुधा ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे अरुंद पट्ट्यातील यूव्हीबी देतात, सेकंदांच्या हिशोबाने मात्रा वाढवतात, डोळे झाकतात आणि प्रत्येक खेपेची नोंद ठेवतात. सलूनमधल्या पेटीशी त्याचे नाते स्वयंपाकघरातील सुरी आणि शस्त्रक्रियेची सुरी यांच्याइतकेच आहे. याच संदर्भात, रंग लवकर यावा म्हणून बावचीचे तेल लावून उन्हात बसणारेही मी पाहिले आहेत. बावचीत सोरालेन हे त्वचेला अतिनील किरणांबाबत हळवे करणारे द्रव्य असते आणि सोरालेन अधिक अतिनील किरण म्हणजे फोड. गच्चीवर खोबरेल चोपडून भर दुपारी पडून राहणे हा त्यातला गरिबाघरचा प्रकार, तोही सोडावा.

इंजेक्शनने किंवा नाकात फवारून रंग आणणारे मेलॅनोटान कोणी हातात ठेवले, तर त्याला दारापासून परत पाठवावे. ते सौंदर्यासाठी मान्यताप्राप्त औषध नाही, त्याने मळमळ होते आणि अंगावरचे तीळ गडद होऊन बदलतात. टॅनच्या गोळ्यांतील कँथाझँथिन या रंगद्रव्याचे कण डोळ्याच्या पडद्यात साठतात. याहून अधिक शब्द मी या दोन्हींवर खर्च करणार नाही.

सुरक्षित मार्ग एकच आहे, वरून लावायचा टॅन, आणि त्यातील काम करणारे द्रव्य म्हणजे डायहायड्रॉक्सीॲसिटोन, ज्याला सगळे डीएचए म्हणतात. ही तीन कार्बनची साधी साखर आहे. त्वचेच्या मृत थरातील अमिनो आम्लांशी तिची अभिक्रिया होऊन तपकिरी रंग तयार होतो. भट्टीत पाव तांबूस होतो तो याच प्रकारच्या अभिक्रियेने, आणि म्हणूनच टॅन चढलेल्या मुलाच्या अंगाला भाजक्या बिस्किटासारखा वास येतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटी येथे संशोधक इव्हा विटगेनस्टाइन या आजारी मुलांना हे द्रव्य औषध म्हणून देत असताना, ते सांडले तिथे त्वचा तपकिरी झाली आणि कपडे मात्र जसेच्या तसे राहिले, हे त्यांच्या लक्षात आले. पुढचा सगळा धंदा त्या सांडण्यातून उभा राहिला.

या अभिक्रियेला वेळ लागतो, आणि माझी दुसरी लाडकी चूक इथेच जन्म घेते. रंग दोन-चार तासांनी दिसू लागतो आणि पुरता चढायला आठ तासांपासून एक दिवसापर्यंतचा अवधी घेतो. बाटलीत तात्पुरता तपकिरी रंगही मिसळलेला असतो, त्यामुळे लावताक्षणी मुलाला वाटते की झाले काम. नाही तर उलट, रंग कमी दिसला म्हणून तासाभरात तो एकावर एक चार जाड हात चढवतो. जाड हात वाळत नाही, घामाबरोबर ओघळतो, आणि जास्त डीएचए एकाच जागी साचले की सकाळी अंग नारिंगी दिसते. बाटली वाचवण्यासाठी एकच जाडसर हात देण्याचा शहाणपणा मीही पहिल्या वर्षी केला होता. तो स्पर्धक रात्रभर पंख्याखाली उभा होता आणि तरी सकाळी त्याच्या पोटऱ्यांवर ओघळ होते. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आदल्या दिवशी दुपारी पहिला पातळ हात, रात्री जेवणाआधी दुसरा, सकाळी तिसरा, आणि प्रत्येक हातानंतर टेबलफॅनसमोर हात-पाय फाकवून निदान वीस मिनिटे उभे राहणे. बसायचे नाही, मोबाइल कुशीत धरायचा नाही. बाटलीवरची सूचना वेगळे सांगत असेल तर ती पाळावी, परंतु ती आदल्या दिवशी वाचावी. मांडवात, बॅटरीच्या उजेडात नव्हे.

अंगाची तयारी त्याआधीच व्हायला हवी. केस काढणे दोन दिवस आधी संपवावे. ताज्या वस्तऱ्याच्या त्वचेवर छिद्राछिद्रात काळे ठिपके बसतात. मृत त्वचा घासण्यासाठी महागड्या स्क्रबची गरज नाही, त्यातील तेलामुळे टॅन उलट धरत नाही. मी मसूरडाळीचे भरड पीठ पाण्यात कालवून, खरखरीत पंचाने अंग घासायला सांगतो आणि टाचांना वज्री. कोपर, गुडघे आणि घोटे रंग अधिक पितात, म्हणून फक्त तेवढ्याच जागी क्रीमचे नखभर बोट फिरवावे. बाकी अंगावर काहीही लावलेले नको.

यात डिओडरंटही आले. काखेत डिओडरंट असताना टॅन चढवला तर काख हिरवट पडते आणि फ्रंट डबल बायसेप्समध्ये, म्हणजे पंचांसमोर दोन्ही दंड उचलून दाखवताना, ती सगळ्या मैदानाला दिसते. असे झालेच, तर ओल्या कापडाने काख पुसून, कोरडी करून, तेवढ्याच जागी पातळ हात द्यावा. वरून रंग दाबला तर हिरव्याचे काळे होते.

फवाऱ्याने टॅन मारून घेणार असाल तर नाक, डोळे आणि ओठ झाकून घ्यावेत, कारण डीएचए बाह्य त्वचेसाठी मान्य आहे, फुप्फुसांसाठी नाही. खोली हवेशीर असावी. नवी बाटली असेल तर आठवडाभर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहावे. तळहात प्रत्येक हातानंतर पुसावेत, नाही तर निकालानंतर पाहुण्यांशी हात मिळवताना लाज वाटते. चेहरा सर्वांत शेवटी आणि सर्वांत हलका. तेल फक्त स्टेजवर चढण्याआधी, आणि तेही दुसऱ्याच्या हाताने, थापटून. चोळले की तीन हातांची मेहनत तेलाबरोबर ओघळते.

एक गोष्ट अनेकांना पटत नाही: हा रंग उन्हापासून संरक्षण देत नाही. तपकिरी झालेला मुलगा दुपारच्या मैदानात उघड्या अंगाने फिरतो आणि सायंकाळी पोळून परत येतो. उन्हात जायचे असेल तर सनस्क्रीन आणि सदरा दोन्ही लागतात.

टॅन आपोआप पाच ते सात दिवसांत, मृत थर झडेल तसा, उतरतो, मात्र तो कधीच एकसारखा उतरत नाही. मान आणि मनगटे आधी मोकळी होतात. सोमवारी कामावर जायचे असेल तर रविवारी रात्री कोमट खोबरेल अंगाला चोळून अर्धा तास थांबावे, मग गरम पाण्याने आंघोळ करून त्याच खरखरीत पंचाने घासावे. तो पंचा, स्पर्धेच्या रात्रीची चादर आणि उशीचा अभ्रा घरच्या पांढऱ्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत.