बिनभोगवटा शुल्क जास्त लागत होतं, ते असं कमी करून घेतलं

फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटीच्या बिलात बिनभोगवटा शुल्काची, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलच्या आकाराची (नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस) ओळ येते. आमच्या बिलात ४२० रुपये होते, म्हणजे एकूण ४,२०० च्या सरळ १० टक्के. चूक इथेच. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार हे शुल्क फक्त सेवा शुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के. सेवा शुल्क म्हणजे वॉचमन, सफाई, जिन्याचे दिवे, ऑफिसखर्च वगैरे. मालमत्ता कर, पाणी, लिफ्ट, पार्किंग, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी), दुरुस्ती निधी यात धरायचेच नाहीत. आमचं सेवा शुल्क १,८००, म्हणून योग्य आकडा १८०. दरमहा २४० जादा, १४ महिन्यांचे ३,३६०.

बिलात सगळं 'मेंटेनन्स' म्हणून एकाच ओळीत असेल तर आधी लेखी मागून फोड घ्या, नाहीतर हिशेबच मांडता येत नाही.

मग सचिवांच्या नावे अर्ज, दोन प्रती. महिनावार तक्ता आणि बिलांच्या झेरॉक्स जोडल्या, आपल्या प्रतीवर सही-शिक्का घेतला. मागणी एकच: जादा रक्कम पुढच्या बिलात जमा दाखवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद घालून फक्त शेजारी तुटतात.

रागाने बिल थांबवू नका. थकबाकीवर उपविधीनुसार (सोसायटीच्या नियमावलीनुसार) वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लागू शकतं. 'हरकत नोंदवून' असं लिहून भरा. समिती हललीच नाही तर तीच सही-शिक्क्याची प्रत जोडून सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार.

आणि हो, घरात आई-वडील, भाऊ-बहीण किंवा लग्न झालेली मुलगी राहत असेल तर हे शुल्क लागतच नाही.