फॉस्फो-कोफिलिनचा ब्लॉट कसा लावायचा, घरच्या भाषेत

फॉस्फेट चिकटलेलं कोफिलिन प्रोटीन वेस्टर्न ब्लॉटनं (जेलवर प्रोटीन वेगळी करून पट्टीवर अँटीबॉडीनं ओळखायची पद्धत) कसं बघायचं, हे एमएस्सीची पोरं लई विचारायलेत म्हणून लिहितो. आधी गणित समजून घ्या, कोफिलिन म्हणजे ॲक्टिनचे (पेशीच्या सांगाड्यातल्या प्रोटीनचे) धागे तोडणारा विळा, अन् लिमकायनेज नावाच्या एन्झाइमनं त्याच्या ३ नंबरच्या सेरीनवर (हे एक अमिनो आम्ल) फॉस्फेट चिकटवला की विळा बोथट, ॲक्टिनला धरताच येत नाही, धागे टिकून राहतात. स्लिंगशॉट नावाचा फॉस्फटेज तो फॉस्फेट काढतो की पुन्हा कापणी चालू. लिमकायनेजला चेतवणारे वरचे दोघं म्हणजे रॉक (ROCK) आणि पॅक (PAK) ही कायनेज.

आता खरी अडचण ही की पेशी फोडल्या की आतले फॉस्फटेज मोकाट सुटतात अन् तुमचा फॉस्फेट खाऊन टाकतात, त्यात मे महिन्यात नांदेडला पारा ४२ च्या वर, बर्फ बघता बघता पाणी, म्हणून बफर आधीच गार करून ठेवा आणि फॉस्फटेज रोखणारं सोडियम फ्लोराइड आयत्या वेळी विसरू नका. नुसतं व्हॅनाडेट टाकून बसू नका, ते मुख्यतः टायरोसीनवरचे फॉस्फटेज रोखतं, इथं काम सेरीनचं हाय.

कोफिलिन बारकं, १९ किलोडाल्टनच्या आसपास, तर जेल १५ टक्क्याचं घ्या. ब्लॉकिंगला (पट्टीवरच्या रिकाम्या जागा झाकायला) दूध पावडर नको, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या, दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटवालं असल्यानं पार्श्वभूमी काळी होऊ शकते (माझी झाली, दोन दिवस पाण्यात). एकूण कोफिलिनचा ब्लॉट सोबत लावाच, नाहीतर फॉस्फेट वाढला का प्रोटीनच वाढलं, कळणार कसं?

ॲक्टिनचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे तर फॅलॉइडिन (धाग्यांना चिकटणारं, चमकणारा रंग जोडलेलं रसायन), पण मेथॅनॉलनं फिक्स करू नका, ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड वापरा.