९ एमएमची काडतुसं भरताना सीटिंग डाय त्रास देते तेव्हा

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसं भरणारे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे, तेव्हा तिथे हा प्रयोग नको.

एका काडतुसाची लांबी १.१३० इंच, पुढच्याची १.१३८, आणि तिसऱ्याच्या तोंडाशी शिशाची कड निघालेली. अशा वेळी हात आधी सीटिंग डायच्या, म्हणजे बुलेट केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळीत) दाबून बसवणाऱ्या साच्याच्या, वरच्या स्क्रूकडे जातो. तो आवरा. लांबी कमीजास्त होत असेल तर स्क्रू फिरवून सरासरी लांबी वरखाली होईल, फरक तसाच राहील.

आधी डाय नीट बसवून घ्या, आणि तीही दारू (बारूद) व प्राइमर (ठिणगी देणारी टोपी) नसलेल्या डमीवर. साइझ केलेली (डायमधून दाबून मूळ मापाला आणलेली), तोंड किंचित उघडलेली रिकामी केस प्रेसच्या शेल होल्डरमध्ये (केस धरणाऱ्या खाचेत) ठेवून रॅम, म्हणजे प्रेसचा वरखाली होणारा दांडा, पूर्ण वर न्या. स्टेम, म्हणजे बुलेट दाबणारा स्क्रूचा दांडा, वर ओढून ठेवा. डाय खाली फिरवत जा. आतला क्रिम्पचा (तोंड आवळण्याचा) भाग केसच्या तोंडाला टेकला की हाताला कळतं. तिथून एक पूर्ण आटा मागे घ्या आणि लॉक रिंग घट्ट करा. डायला इंचाला १४ आटे असतात, म्हणजे एका फेऱ्यात ०.०७ इंच. आता बुलेट ठेवून स्टेम थोडा थोडा खाली आणत लोड डेटात (दारूची मात्रा आणि लांबी देणाऱ्या तक्त्यात) दिलेली लांबी गाठा. ९ एमएम ल्युगरची कमाल लांबी १.१६९ इंच आहे, पण तुमच्या बुलेटला आणि बॅरलला चालेल ती लांबी बहुधा त्याहून कमीच असते.

लांबी तरीही हलते? स्टेम काढून त्याचं तोंड बघा. गोल नाकाच्या बुलेटवर सपाट स्टेम वापरला तर तो टोकावर दाबतो, आणि टोकं सारखी नसतात. योग्य आकाराचा स्टेम टोकाला न टेकता बाजूच्या वळणावर बसतो. बुलेटवर गोल वळ उमटत असेल तर हेच कारण. शिशाच्या, वंगण लावलेल्या बुलेट वापरणाऱ्यांनी स्टेमच्या खोलगट भागात कापूस फिरवून बघावा. काळपट मेणाचा थर निघतो. तो जसजसा साचतो तसतशी प्रत्येक बुलेट आधीच्यापेक्षा थोडी खोल जाते. केसमधली जागा घटते, दाब वाढतो, आणि ९ एमएममध्ये आधीच दाबाला फारशी सवलत नसते. म्हणून शिशाच्या बुलेट भरताना स्टेम मधूनमधून पुसावाच.

प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (एकाच वेळी अनेक पायऱ्या करणाऱ्या प्रेसवर) आणखी एक गोष्ट घडते. सगळ्या जागा भरलेल्या असताना शेल प्लेटवर (केस धरणाऱ्या फिरत्या तबकडीवर) जो ताण येतो तो एकच केस असताना येत नाही. लांबी जुळवायची ती सगळ्या जागा भरून.

कड निघणं किंवा केस एका बाजूला फुगणं याचं मूळ बहुतेकदा मागच्या पायरीत असतं. तोंड ०.०१० ते ०.०१५ इंच जास्त उघडलं की बुलेट सरळ उभी राहते. तेवढं करूनही शिसं खरवडलं जात असेल तर एकाच डायमध्ये बुलेट बसवणं आणि क्रिम्प करणं एकदम चाललेलं असतं: तोंड आवळलं जातंय आणि बुलेट अजून खाली सरकतेय. क्रिम्पसाठी वेगळी डाय घ्या. आमच्या मते हा खर्च सगळ्यात आधी करावा.

क्रिम्पचं काम फक्त उघडलेलं तोंड पुन्हा सरळ करणं. ०.३५५ इंची जॅकेटेड (धातूचं आवरण असलेल्या) बुलेटला तोंडाशी ०.३७७–०.३७८ पुरे, ०.३८० ही कमाल. ९ एमएम केसच्या तोंडावर टेकून चेंबरमध्ये (बॅरलमधल्या काडतुसाच्या जागेत) बसतं, म्हणून इथे तोंड सरळ आवळणारा टेपर क्रिम्पच हवा; .३८ स्पेशलसारखा तोंड आत वळवणारा रोल क्रिम्प नाही. बुलेट सैल वाटते म्हणून क्रिम्प वाढवू नका. पितळ थोडं परत फाकतं, मऊ शिसं दबलेलंच राहतं, आणि पकड उलट कमी होते. पकड येते साइझिंगमधून. ती तपासायला डमी टोकाकडून टेबलावर अंगठ्याने जोरात दाबा आणि पुन्हा मोजा. दोन-तीन हजारांश इंचाहून जास्त आत गेली तर साइझिंग डाय पुरेशी खाली आहे का, एक्स्पांडर (केसचं तोंड उघडणारा दांडा) जाड आहे का, हे बघा.

शेवटी पिस्तूल रिकामं करून बॅरल काढा आणि डमी त्यात सोडा. ती टपकन पडून हलक्या हाताने फिरली पाहिजे. अडली तर बुलेटला आणि केसला मार्करची शाई लावून परत टाका. शाई बुलेटवर खरवडली तर बुलेट रायफलिंगला (बॅरलमधल्या पिळदार रेघांना) टेकतेय, लांबी कमी करा. पण नवी लांबी तुमच्या लोड डेटातल्या लांबीहून कमी होत असेल तर दारू सुरुवातीच्या मात्रेवर आणून पुन्हा वर जा. केसच्या तोंडावर खरवडली तर क्रिम्प अपुरा आहे.

भरलेल्या काडतुसांपैकी लांब राहिलेली, क्रिम्प न केलेली, परत डायमधून काढता येतात. खोल गेलेली मात्र डोळ्यांवर चष्मा लावून पुलरने (बुलेट ओढून काढणाऱ्या अवजाराने) खोलावीत.