पंपाला स्पेसर लावा, औषध छातीत पोचू द्या

दम्याचा पंप थेट तोंडात दाबला की फवारा इतक्या वेगाने येतो, की बरंचसं औषध घशालाच चिकटतं. मग ‘पंपाने काही फरक पडत नाही’ म्हणून लोक तो बंद करतात, आणि ते फार वाईट. आधी स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं प्लास्टिकचं पोकळ नळकांडं, लावून बघा, मेडिकलमध्ये मिळतो.

टोपण काढा, पंप नीट हलवा, स्पेसरच्या मागे बसवा. श्वास पूर्ण सोडा, ओठ नळीभोवती घट्ट मिटा, एकदाच दाबा आणि सावकाश खोल श्वास घ्या. १० सेकंद रोखा. दुसरा पफ सांगितला असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून. दोन पफ एकदम मारू नका. लहान मुलांना स्पेसरला जोडलेला मास्क नाकातोंडावर घट्ट धरून ५-६ श्वास घेऊ द्या. मूल रडत असेल तर औषध कमीच पोचतं, म्हणून आधी मांडीवर घेऊन शांत करा.

बुडेसोनाइडसारखं स्टेरॉइड असेल तर नंतर खळखळून चूळ भरा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरू शकते.

स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पण फडक्याने पुसू नका. घासल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटून बसतं. तसाच निथळत वाळू द्या.

साल्ब्युटामॉल (धाप लगेच कमी करणारं पंपाचं औषध) घेऊनही धाप थांबत नसेल, बोलताना वाक्य पुरं होत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर घरी वाट बघत बसू नका, लगेच १०८ला फोन करा.