फियाटचं इंजिन उघडण्याआधी

इंजिन उघडायला मला अडीच दिवस लागले, बंद करायला साडेसात महिने. त्यातले खरे कामाचे दिवस मोजले तर वीसही भरणार नाहीत. बाकी सगळा वेळ कशाची तरी वाट बघण्यात गेला. कधी पिस्टन, कधी लेथवाला, एकदा तर तांब्याच्या एका वायसरसाठी अख्खा आठवडा. म्हणून ही यादी पाना हातात घ्यायच्या आधीची आहे.

गाडी आजोबांची, १९६९ ची फियाट ११०० डिलाईट, कुर्ल्याच्या प्रीमियरमधली. हिचीच पुढे पद्मिनी झाली. कसारा घाट चढताना पाण्याचा काटा लालात गेला होता आणि तो मला दिसलाही होता. "इगतपुरी आलीच, तिथे चहा पिऊ, तीही गार होईल," असं म्हणत मी गाडी दामटली. हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधलं पॅकिंग) उडालं, पाणी ऑइलमध्ये उतरलं, आणि टेम्पोवर लादून आणलेली गाडी नाशिकला गंगापूर रोडच्या आवारात तीन पावसाळे तशीच उभी राहिली. मग एकदा क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, नटाला पाना लावून बघितला, तर इंजिन तसूभर हलेना.

सगळ्यात आधी तारीख ठरवा. नाशिकच्या पावसात इंजिन उघडू नये. होनिंग (सिलेंडरच्या भिंती दगडाने बारीक घासणं) करून आणलेला उघडा ब्लॉक जुलैच्या हवेत एका रात्रीत तांबूस होतो, मग पुन्हा होनिंग. दिवाळी झाली की सुरुवात करा आणि द्राक्षं संपायच्या आत इंजिन बंद झालं पाहिजे, असा हिशेब धरा. खर्चाचा अंदाज कागदावर लिहा आणि त्यात निम्मे आणखी मिळवा. हे मी केलं नव्हतं, त्यावर जास्त बोलत नाही.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. ब्लॉकवरच्या इंजिन नंबरचा स्वच्छ फोटो काढा, आणि आरटीओत घेतात तसा पेन्सिलने कागदावर छापही घेऊन ठेवा. ब्लॉक वर्कशॉपमध्ये जाताना तोंडी आणि लेखी दोन्ही सांगा, की नंबरावर सँडब्लास्टिंग नको, घासकाम नको. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. त्यामुळे ‘दुसरं हाफ इंजिन (हेडशिवायचा तयार ब्लॉक) टाकून द्या की’ असा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो, तो ऐकून सोडून द्या.

आता उघडण्याआधीची तपासणी. इंजिन फिरत असेल तर चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमधला दाब, मोजा. कमी आलेल्या सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलेंडर सारखेच पडले असतील तर दोघांच्या मधलं गॅस्केट फुटलंय असं समजा. ऑइल काढताना ते डब्यात नको, पांढऱ्या ट्रेमध्ये काढा. माझं ऑइल निघालं ते जास्त दुधाच्या चहासारखं. ट्रे तिरका केला तर तळाशी चांदीसारखा चुरा. त्यातून लोहचुंबक फिरवलं आणि चुरा चिकटला नाही, म्हणजे तो बेअरिंगचा. चिकटला असता तर काळजी वेगळी. ही पाच मिनिटांची तपासणी क्रँक ग्राइंडिंगचा खर्च यादीत धरायचा की नाही ते सांगते.

इंजिन जाम असेल तर घाई नको. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगला वापरतात ते एटीएफ निम्मं-निम्मं सोडा, भोकं चिंधीने बंद करा आणि आठवडाभर विसरून जा. नंतर क्रँकच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून मागे-पुढे हलकं हलवत राहायचं. गाडी गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढायची कल्पना आमच्या शेजारच्या काकांनी मांडली होती. त्याने इंजिन सुटतं किंवा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकतो, आणि दोन्हीपैकी काय झालं ते उघडल्यावरच कळतं. माझं अकराव्या दिवशी सुटलं. बोटभर हललं, मग थांबलं, मग पूर्ण फेरा. आवाज असा आला की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

हत्यारं फार लागत नाहीत, पण योग्य लागतात. फियाटचे नटबोल्ट मिलिमीटरचे आहेत, अँबॅसिडर आणि जुन्या जीपचे इंचाचे. उसन्या आणलेल्या गोटी (सॉकेट) सेटमध्ये दोन्हींची सरमिसळ असते, आणि जवळपास बसणारी गोटी नटाची कड खाते. टॉर्क पाना (नट किती जोराने आवळला ते दाखवणारा) स्वतःचा घ्या. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), रिंग दाबायचा पट्टा, चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) आणि तो टांगायला खात्रीची जागा लागेल. आंब्याच्या फांदीला इंजिन टांगलेलं मी पाहिलंय, त्याबद्दल बोलायला नको. मायक्रोमीटर आणि बोअर गेज विकत घेण्यात अर्थ नाही, वर्कशॉपमध्ये असतात. मात्र मोजमाप तुमच्यासमोर घ्यायला लावा. प्रत्येक सिलेंडर वर, मध्ये, खाली आणि दोन आडव्या-उभ्या दिशांना मोजायचा. आकडे तुमच्या वहीत.

खोकी हा या यादीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. आपल्याकडे द्राक्षांची पुठ्ठ्याची खोकी आणि टोमॅटोचे क्रेट फुकट मिळतात, त्यांचा उपयोग करा. हेडचं खोकं वेगळं, टायमिंगचं वेगळं, ऑइल पंपाचं वेगळं, आणि खोक्यावर तारीख. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून त्यात आठ पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला लावणाऱ्या दांड्या) क्रमाने खोचा, रेडिएटरकडची बाजू बाणाने दाखवा. टॅपेट (कॅमवर घासत पुशरॉड उचलणारे तुकडे) अंड्यांच्या ट्रेमध्ये. जो टॅपेट ज्या कॅमवर घासला तो तिथेच परत गेला पाहिजे. सुटा करण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो काढा, पण फोटोवर विसंबून राहू नका. ऑइलने माखलेल्या हाताने काढलेले निम्मे फोटो धूसर येतात.

कॅपवरच्या खुणांचं इथे सविस्तर सांगतो, कारण त्यात माझं नुकसान झालंय. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप ही जोडी एकत्रच यंत्रावर घासून गोल केलेली असते. दुसऱ्याची कॅप लावली की गोल राहत नाही. मेन बेअरिंगच्या तीन कॅपांचंही तेच, आणि त्या उलट्याही बसू शकतात. म्हणून नट सैल करण्याआधी बारीक पंचने रॉडवर आणि कॅपवर एकाच अंगाला ठिपके मारा. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असे चारपर्यंत. रेडिएटरकडचा सिलेंडर पहिला. पंच हलक्या हाताने, टोकाच्या जाड भागावर. मार्करने लिहिलेलं डिझेलमध्ये धुतलं जातं. माझे आकडे मार्करचे होते. वर्कशॉपमध्ये रॉड धुतले गेले आणि चारही कॅपा एका प्लास्टिकच्या पिशवीत परत आल्या. जोड्या लावायला आमच्या वडाळा नाक्याकडच्या मिस्त्रींना अख्खा दिवस गेला, तरी एक रॉड पुन्हा बोअरिंगला पाठवावा लागला.

पिस्टन बाहेर ढकलण्याआधी सिलेंडरच्या वरच्या कडेला नख फिरवून बघा. रिंग जिथपर्यंत पोचत नाही तिथे कड राहते. ती आधी कापून घ्यायची, नाहीतर रिंगा आणि पिस्टनच्या पट्ट्या मोडतात. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं खरवडू नका, हवा मारू नका, ओलं करून काढा.

आता यादीचं मर्म. मिस्त्रींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "साहेब, आधी पिस्टन आणा, मग ब्लॉक आणा." मी उलटं केलं. ब्लॉक अंबडच्या एका वर्कशॉपला दिला, त्यांनी मोजून सांगितलं की ४० थाउमध्ये साफ होईल. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सिलेंडर तेवढा मोठा कापायचा. मी होकार दिला, त्यांनी बोअर केला. दोष त्यांचा नाही. मग शिंगाडा तलावापासून मुंबईपर्यंत दुकानं पालथी घातली. ४० चा पूर्ण सेट कुठेच नाही, होता तो ६० चा. शेवटी ब्लॉक पुन्हा यंत्रावर चढला. मूळ बोअर (सिलेंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५, म्हणजे १०८९ सीसी. ६० थाउनंतर हिशेबाने ११३९ च्या आसपास. मित्रांना सांगायला बरं वाटतं. पण भिंत पातळ झाली, आणि पुढच्या वेळी स्लीव्ह (सिलेंडरच्या आत नवं नळकांडं) टाकण्याशिवाय मार्ग उरला नाही. तेव्हा क्रम असा ठेवा. उघडा, मोजा, कोणत्या साईजला साफ होईल ते विचारा, त्या किंवा पुढच्या साईजचे चारही पिस्टन रिंगांसकट हातात घ्या, आणि तेच पिस्टन ब्लॉकबरोबर वर्कशॉपला द्या. प्रत्येक भोक त्याच्या पिस्टनला मोजून झालं पाहिजे. क्रँकच्या बेअरिंगांनाही हाच नियम. आधी बेअरिंग, मग ग्राइंडिंग. ग्राइंडिंगवाल्याला एक आठवण करा की जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) कोपऱ्यातली गोलाई तशीच राहू दे. तिथे काटकोन झाला की क्रँक पुढे तिथूनच तुटतो.

हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर हेड वाकतंच असं धरून चाला. सरळ पट्टी तिरकी आणि आडवी ठेवून ०.०५ मिलिमीटरची फिलर खालून सरकते का बघा. सरकली तर फेसिंग, म्हणजे हेडचा तळ यंत्रावर सपाट करणं. तडा शोधायला लाल रंगाची डाय टेस्ट किंवा प्रेशर टेस्ट सांगा, चुंबकाची पद्धत ॲल्युमिनियमवर चालत नाही. व्हॉल्व्हच्या सीटा बघून घ्या. शिशाचं पेट्रोल देशात २००० साली बंद झालं, आणि त्या शिशाच्या भरवशावर चाललेल्या एक्झॉस्ट सीटा नंतर झिजत गेल्या. हेड बाहेर आहेच, तर कडक सीटा आताच बसवून घ्या. नवे गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) बसवले तर सीट त्यानंतर कापायची.

पेट्रोलची बाजू पटकन सांगतो. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगतं. पंपाचा डायफ्रॅम, नळ्या, कार्ब्युरेटरची पॅकिंगं सगळी नवी. रेडिएटर खोलून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करा, थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून उघडतो का बघा, ब्लॉकच्या अंगावरचे पत्र्याचे गोल प्लग बदला. माझ्या ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांतून वाटीभर गाळ निघाला, आणि घाटात काटा का चढला ते तेव्हा समजलं. बोअरवेलचं जड पाणी पुन्हा भरू नका. कूलंट हवं.

बंद करायच्या आदल्या दिवशी गरम पाणी, कपडे धुण्याचं साबण आणि लांब दांड्याचा ब्रश तयार ठेवा. होनिंगनंतर बोअरमध्ये दगडाची बारीक पूड बसलेली असते, ती डिझेलने किंवा पेट्रोलने निघत नाही. मी आजोबांच्या जुन्या धोतराची फडकी केली होती. पहिलं फडकं काळं आलं, दुसरं राखाडी, तिसरं मला स्वच्छ वाटलं. मिस्त्रींनी ते उन्हात धरलं आणि न बोलता ब्रश परत माझ्या हातात दिला. सातवं पांढरं निघालं. पांढरं निघालं की लगेच ऑइलचा हात फिरवा, चहा नंतर.

पहिल्या स्टार्टच्या दिवशी जवळ ठेवायच्या गोष्टी: आग विझवायचं सिलेंडर, दोन लिटर जादा कूलंट, कार्ब्युरेटरपाशी उभं राहायला एक शांत माणूस, आणि दुसरा फक्त ऑइलच्या दिव्याकडे बघायला. आधी प्लग काढून स्टार्टर मारत दिवा विझेपर्यंत ऑइल वर चढवा. प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने लागल्यात ना, ते दोघांनी मोजा. ऑइल जुन्या सपाट टॅपेटना चालेल असं, झिंक भरपूर असलेलं २०डब्ल्यू-५० मिनरल. सिंथेटिक आत्ता नाही. सुरू झालं की आयडलवर सोडून टाळ्या वाजवू नका. कॅम आणि टॅपेट एकमेकांना बसायला वीसेक मिनिटं इंजिनाचे फेरे दर मिनिटाला २००० च्या आसपास हवेत. मग बंद करून रात्रभर गार होऊ द्या. सकाळी गार इंजिनवर हेडचे नट मधून बाहेरच्या क्रमाने पुन्हा टॉर्कला आणायचे आणि टॅपेटचा गॅप पुन्हा बघायचा. त्यासाठी रॉकर कव्हर उघडावं लागतं, आणि कालच लावलेलं त्याचं पॅकिंग उघडताना फाटतं. हेडच्या खोक्यात ते एक जादा टाकून ठेवा.