गाडी काट्यावर चढण्याआधी सांगा: मॉड्यूल बसवताना डिपेंडन्सीची तपासणी

जळगाव-धुळ्याकडच्या जिनिंगसाठी पायथनमध्ये सॉफ्टवेअर करताना भुईकाटा, बिल, पावतीछपाई अशी मॉड्यूल वेगवेगळी ठेवणं सोयीचं. काट्याच्या मॉड्यूलला पायसीरियल (सीरियल पोर्टशी बोलणारी) लायब्ररी लागते, म्हणजे ती त्याची डिपेंडन्सी. तिचा इम्पोर्ट (कोडमध्ये लायब्ररी मागवणारी ओळ) फंक्शनच्या आत लिहिलेला असेल, तर ती नसतानाही मॉड्यूल बसतं, चालूही होतं. अडतं ते कापसाची पहिली गाडी काट्यावर उभी राहिल्यावर.

म्हणून प्रत्येक मॉड्यूलसोबत एक यादीची फाइल द्या: पॅकेजचं नाव, इम्पोर्टचं नाव, किमान आवृत्ती, आणि ते अत्यावश्यक की ऐच्छिक. दोन नावं कशाला? पिपला (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाला) सांगायचं पायसीरियल, पण कोडमध्ये इम्पोर्ट होतो नुसता सीरियल. पायपीआयवर (पिप जिथून पॅकेजं आणतं त्या साठ्यावर) सीरियल नावाचं भलतंच पॅकेजही आहे. घाईत तेच बसतं, इम्पोर्ट बिनबोभाट होतो आणि पोर्ट उघडताना सगळं कोसळतं. अशा वेळी दोन्ही काढून पायसीरियल नव्याने बसवावं लागतं. नुसता इम्पोर्ट करून पाहणं त्यामुळे पुरत नाही. इम्पोर्टलिब मेटाडेटा या पायथनमधल्याच मॉड्यूलला (पायथन ३.८ पासून आहे) पॅकेजच्या नावानेच आवृत्ती विचारा. आवृत्त्यांची तुलना मात्र अक्षरांसारखी करू नका, नाहीतर ३.१० ही ३.५ पेक्षा जुनी ठरते. पॅकेजिंग लायब्ररीतला व्हर्जन क्लास वापरा.

इन्स्टॉलरमध्ये ही तपासणी डेटाबेसला हात लावण्याआधी झाली पाहिजे. पहिली उणीव सापडताच थांबू नका. सगळ्या गोळा करून एकदम दाखवा. वाचणारे दिवाणजी असतात, तेव्हा संदेश साधा हवा:

«भुईकाटा मॉड्यूल बसवलेलं नाही. पायसीरियल ३.५ किंवा पुढची आवृत्ती हवी. त्याशिवाय काट्याचं वजन संगणकावर येणार नाही. जुना डेटा जसाच्या तसा आहे.»

संदेशाखाली लायब्ररी बसवायची कमांड छापा, आणि त्यात सॉफ्टवेअर ज्या पायथनवर चालतं त्याचा पूर्ण पाथ घाला. नुसतं पिप इन्स्टॉल लिहिलं की लायब्ररी दुसऱ्याच पायथनमध्ये जाऊन बसते, आणि «बसवलं तरी तेच सांगतंय» म्हणून फोन येतो. अत्यावश्यक लायब्ररी सापडली नाही तर एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा) शून्य देऊ नका, कारण शून्य म्हणजे सगळं ठीक. ऐच्छिक गोष्ट, समजा छपाई, नसेल तर काम पुढे जाऊ द्या, पण «छपाई बंद» हे पडद्यावर दिसत राहू द्या. लॉग कोण उघडतो?

जिनिंगवर नेट नसेल तर त्याच ऑपरेटिंग सिस्टिमच्या आणि त्याच पायथन आवृत्तीच्या मशीनवर पिप डाउनलोड करून फाइली पेनड्राइव्हने न्या. तिथे नो-इंडेक्स (नेटवर शोधू नको) आणि फाइंड-लिंक्स (या फोल्डरमध्ये शोध) हे पर्याय देऊन बसवा.

उबुंटूवर आणखी एक तपासा: वापरकर्ता डायलआउट ग्रुपमध्ये (सीरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या गटात) आहे का. नसेल तर लायब्ररी असूनही पोर्ट उघडत नाही. ग्रुपमध्ये घातल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करावं लागतं.

देण्याआधी कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (बाकी पायथनपासून वेगळ्या ठेवलेल्या जागेत) दोन अत्यावश्यक लायब्ररी मुद्दाम वगळून इन्स्टॉलर चालवा. दोन्ही नावं एकाच वेळी दिसली पाहिजेत आणि डेटाबेसमध्ये एकही नवा टेबल नको.