एलियन लिहायचाय? आधी तो खातो काय ते ठरवा

एलियन लिहायला बसलं की बहुतेक जण आधी चेहरा ठरवतात, हिरवी कातडी, तीन डोळे, कपाळावर शिंग वगैरे, आणि मग त्या चेहऱ्याला एक स्वभाव चिकटवतात की हे लोक लढाऊ, ते लोक शांत. मग होतं काय, तो रंग फासलेला माणूसच राहतो. माझं म्हणणं उलटं आहे. चेहरा सगळ्यात शेवटी. आधी हे ठरवा की त्याला ऊर्जा मिळते कुठून आणि ती मिळवायला कोणावर अवलंबून राहावं लागतं, अर्धीअधिक संस्कृती तिथूनच निघते.

उदाहरण घेऊनच बोलू. गुरूचा चंद्र युरोपा, आपल्या चंद्राहून थोडासा लहान. वर बर्फाचं जाड कवच आणि त्याखाली खारट पाण्याचा समुद्र असावा असं शास्त्रज्ञ मानतात, पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या साधारण दुप्पट पाणी असेल म्हणे. गुरूच्या ओढीने हा चंद्र सतत पिळला जातो, त्यातून आत उष्णता तयार होते म्हणून पाणी गोठत नाही. नासाचं युरोपा क्लिपर यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालंय, २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल, तोवर आपल्याला रान मोकळं.

तिथे खाली ऊन नाही, मग खायचं काय? १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ साधारण अडीच किलोमीटर खोल समुद्रात गरम पाण्याचे झरे सापडले आणि त्यांच्याभोवती माणसाहून उंच नळीकृमी. मोठ्या झालेल्या नळीकृमीला तोंड नाही, आतडं नाही, त्याच्या शरीरात बॅक्टेरिया राहतात आणि झऱ्यातल्या हायड्रोजन सल्फाइडवर ते अन्न बनवून देतात. पण थांबा, त्या बॅक्टेरियांना ऑक्सिजनही लागतो, आणि पृथ्वीवर तो येतो वरून, उन्हात वाढणाऱ्या जिवांकडून. युरोपावर काय? तिथे बर्फावर किरणोत्साराचा मारा होतो, त्याने पाण्याचे रेणू फुटून ऑक्सिजन तयार होतो, आणि तो बर्फातून हळूहळू खाली झिरपत असेल अशी एक शक्यता मांडली जाते.

म्हणजे बघा, अन्न तळातून आणि श्वास छतातून! कथा इथेच सुरू झाली की. तळाशी झऱ्यांवर कब्जा असलेले एक, वर बर्फाला चिकटून भेगा सांभाळणारे दुसरे, आणि मध्ये ये-जा करणारे व्यापारी जे दोघांनाही लुबाडतात. देव कुठला? छतवाल्यांचा वेगळा, तळवाल्यांचा वेगळा. शिवाय झरे कायमचे नसतात, काही वर्षांनी किंवा दशकांनी थंड पडतात, तेव्हा गाव उठवून दुसरीकडे न्यायची वेळ येणारच, मग जमिनीच्या मालकीऐवजी वाटेच्या मालकीचे कायदे असतील, रस्ता माहीत असलेल्या म्हाताऱ्यांना मान असेल. यातलं काहीही मी वरून आणून चिकटवलेलं नाही, सगळं रसायनातून आलं.

आता शरीर. माणसाचा मेंदू वजनाने फक्त दोन टक्के पण शरीराची वीस टक्के ऊर्जा खातो, त्यामुळे तुमचा एलियन हुशार असेल तर एवढं अन्न कुठून येतं याचं उत्तर तयार ठेवा (झऱ्याजवळचे जीव पाळणं, हे एक). नमुना म्हणून ऑक्टोपस घ्या, त्याच्यात साधारण ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यातल्या दोन तृतीयांश हातांमध्ये, शिवाय हातांवरच्या चूषकांना, म्हणजे चिकटणाऱ्या वाट्यांना, चवही कळते. मग आमच्या एलियनची लिपी चाटून, म्हणजे हाताने चाखून वाचायची असू शकते, आणि जुनी पत्रं विरत जातात म्हणून करार दरवर्षी नव्याने लिहावा लागतो.

ऑक्टोपसची मादी अंडी सांभाळते, खाणं सोडते आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. थंड खोल पाण्यात हे फार लांबतं, कॅलिफोर्नियाजवळ एका मादीला तीच अंडी ५३ महिने राखताना शास्त्रज्ञांनी पाहिलंय. ही गोष्ट तुमच्या प्रजातीला दिलीत तर मोठा पेच पडतो, कारण शिकवणारं कोणी उरतच नाही. आई नाही, आजी नाही, मामा-आत्या-काका ही अख्खी यंत्रणा बंद. मग ज्यांनी अंडी घातलीच नाहीत ते शिक्षक होतील का? त्यांना समाज पूज्य मानेल की घाबरट? माझ्या मते कादंबरीचं मुख्य पात्र अशा जागीच सापडतं, राजघराण्यात शोधू नका.

आणि आग विसरा. पाण्याखाली चूल नाही, भट्टी नाही, म्हणून धातू वितळवणं जवळपास अशक्य, तेव्हा यांना चकचकीत यानं देऊ नका. आवाज मात्र पाण्यात हवेच्या चारपटीहून वेगाने जातो आणि दूरवर पोचतो, म्हणजे कुजबुज करायची सोय नाही, गुपित सांगायचं तर हाताला हात लावून चवीनेच. लिहून झालं की मसुदा एकदा फक्त ‘दिसलं’, ‘बघ ना’, ‘डोळ्यादेखत’ शोधायला वाचा, अंधारात राहून आंधळ्या झालेल्या प्रजातीच्या तोंडी हे हमखास घुसतं.

एक ग्रह, एक भाषा, एक धर्म हा आळशीपणा तर टाळाच. आपल्याकडे कोल्हापूरहून घाट उतरून मालवणात गेलं की रस्सा बदलतो, आणि अख्ख्या समुद्रात सगळे एकाच पद्धतीने अंत्यविधी करतात? निदान एक पंथ असा ठेवा जो बाकीच्यांना मूर्ख समजतो, आणि एक असा जो रूढी पाळतो पण का ते त्यालाही सांगता येत नाही.

नावांचं फार मनावर घेऊ नका, उच्चारता येणार नाहीत अशी जोडाक्षरं घालून कोणी परग्रहवासी होत नाही, ‘गार झऱ्याची तिसरी’ असं सरळ नाव चालतं.

आता हे सगळं वाचकाला सांगायचं कसं? पहिल्या प्रकरणात माहितीपत्रक नको. माणूस नसलेला एक प्रसंग लिहा, त्यात दोन एलियन अगदी क्षुल्लक गोष्टीवरून भांडतायत, समजा छतावरून आणलेलं ऑक्सिजनवालं पाणी शिळं निघालं आणि व्यापारी पैसे परत द्यायला तयार नाही. कुठेही समजावून सांगू नका, फक्त भांडू द्या. मग ते पान अशा कोणाला तरी वाचायला द्या ज्याला युरोपा-बिरोपा काही माहीत नाही, आणि विचारा की यातला लबाड कोण. त्याने व्यापाऱ्याचं नाव घेतलं तर पुढचं प्रकरण लिहायला घ्या, नाहीतर नोट्स वाढवू नका, भांडणच परत लिहा.